परक्या घरचे मूल आणि आमची भूतदया

निराधार मुलास आश्रमात ठेवण्यापेक्षा एखाद्या कुटुंबात वाढविणे श्रेयस्कर, हे मत सुशिक्षितांत आता रूढ झाले आहे, आणि ते आम्हांसही मान्य आहे. परंतु मूल एकदा घरी पोचविले की समाजाचे कर्तव्य संपले, ही जी समजूत त्या मताच्या आडून शिरू पाहते, ती मुलांच्या जिवावर बेतणारी आहे.

वेल्समधील न्यूपोर्ट नगरपालिकेने डेनिस ओनील नावाच्या मुलास १९४४ साली श्रॉपशायर परगण्यातील एका शेतकऱ्याच्या घरी प्रतिपालनासाठी ठेविले. ९ जानेवारी १९४५ रोजी, वयाच्या बाराव्या वर्षी, तो तेथे मरण पावला. देह उपासमारीने खंगलेला, अंगावर माराच्या खुणा! देखरेख कोणी करावयाची याविषयी दोन स्थानिक संस्थांत घोळ होता, हे मंक्टन यांच्या चौकशीत उघड झाले. दोघांच्या भरवशावर सोडलेल्या मुलास वाली कोणीच उरला नाही. पुढे १९४८ च्या कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेस मुलांसाठी स्वतंत्र अधिकारी नेमणे भाग पाडले.

कोणी म्हणेल, परके ते परकेच. मूल रक्ताच्या माणसांतच राहावे. या आक्षेपास उत्तरही त्याच देशात मिळते. प्रतिपालक नातलगांकडे वाढत असलेल्या मारिया कोलवेल हिला १९७१ साली जन्मदात्रीकडे परत धाडण्यात आले. १९७३ च्या जानेवारीत, सातव्या वर्षी, सावत्र बापाच्या मारहाणीने तिचा अंत झाला. आणि इंग्लंडास नावे ठेवून आपण सुटतो असेही नाही. आपल्या महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७ च्या पाहणीत, कुटुंबात मारहाण सोसलेल्या मुलांपैकी ८८.६ टक्के मुलांस मारणारे हात आईबापांचेच होते. तात्पर्य, घर रक्ताचे असो वा परके, चार भिंती व छप्पर एवढ्याने ते पवित्र होत नाही.

२०१५ च्या बाल न्याय अधिनियमाने हे ओळखून प्रतिपालक कुटुंबांची दरमहा पाहणी करण्याचे काम बालकल्याण समितीकडे दिले. परंतु ही समिती असते एक अध्यक्ष व चार सदस्य अशी पाच जणांची! महिन्यातून किमान वीस दिवस बैठका, बालगृहांच्या पाहण्या, शिवाय चौकश्या व आदेश; एवढे उरकून या पाच जणांनी जिल्हाभरच्या घरांचे उंबरठे दरमहा झिजवावे, ही अपेक्षा भाबडी नव्हे काय? प्रतिपालनाचा विस्तार मागणाऱ्यांनी पाहणीसाठी शिक्षित व पगारी माणसे आधी मागावी. प्रत्येक मुलामागे जबाबदार असे एकच नाव असावे, आणि त्या व्यक्तीने घरच्यांस बाजूस ठेवून मुलाशी एकांतात बोलावे.

अशा पाहणीने सज्जन प्रतिपालकाचा अपमान होतो, अशी कुरकूर होईल. पतपेढीचा हिशेब दरसाल तपासला जातो, तेव्हा कोणत्याही प्रामाणिक चिटणीसास अपमान वाटत नाही. पैशाला जी दक्षता आपण देतो, ती ज्याला तक्रारही करता येत नाही अशा जिवास नाकारावी, यास भूतदया म्हणण्याचे धाडस आम्हांस तरी होत नाही.