माझी तलवार सरांच्या घरी असते

गेली दोन वर्षं मी पवईत ताईची शिकतोय. वय बावन्न. सुरुवात गुडघ्यापासून झाली. उजवा गुडघा झिजला आणि नमाज खुर्चीवर आली. मशिदीत मागच्या ओळीत म्हाताऱ्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसायची लाज वाटायची, हे कबूल करतो. हाडांचे डॉक्टर म्हणाले, गोळ्या देतो, पण ताईची करून बघा. मला वाटलं, ते थट्टा करतायत. नंतर वाचलं की अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनं २०१९च्या मार्गदर्शक सूचनांत गुडघ्याच्या झिजेसाठी ताईचीची ठाम शिफारस केली आहे.

फजर पढून चांदिवलीहून चालत निघतो. तलावाच्या कडेला आम्ही नऊ-दहा जण जमतो. बहुतेक साठीच्या पुढचे, निम्म्याहून जास्त बायका. पहिले कित्येक महिने सरांनी आम्हाला फक्त उभं राहायला आणि चालायला शिकवलं. ऐकायला सोपं वाटतं. गुडघे किंचित वाकवून, पाठ सरळ ठेवून, खांदे सोडून पाच मिनिटं उभे राहून बघा. मांड्या थरथरायला लागतात. मग चालणं: एका पायावर पूर्ण भार, दुसरा रिकामा. रिकामा पाय पुढे टेकवायचा, पण त्यावर भार लगेच टाकायचा नाही, ग्लासात पाणी ओतावं तसा हळूहळू न्यायचा. पन्नास वर्षं मी चालत होतो म्हणजे प्रत्येक पावलाला पुढे पडत होतो, हे तिथे कळलं. गुडघा बरा आहे. आता जमिनीवर नमाज होते, दुसऱ्या रकातीला उठताना मात्र अजून हात टेकावा लागतो.

तलवार दुसऱ्या वर्षी आली. ती तलावावर नाही. रविवारी संध्याकाळी सरांच्या इमारतीच्या गच्चीवर तिचा वर्ग असतो. चिनी भाषेत तिला ‘ज्येन’ म्हणतात. सरळ पात्याची, दुधारी, आणि आमची लाकडाची. आम्ही करतो तो बत्तीस हालचालींचा क्रम चीनमध्ये १९५७च्या सुमारास बसवला गेला. त्याआधी, १९५६ साली, सर्वसामान्य लोकांसाठी हातांचा चोवीस हालचालींचा क्रम तयार केला होता, तोच आम्ही सकाळी करतो. सुरुवातीला तलवार डाव्या हातात, उलटी, दंडामागे लपवलेली असते. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट सरळ, बाकीची दोन अंगठ्याखाली दाबलेली. पुढे तलवार उजव्या हातात येते आणि ही बोटं डाव्या हाताला जातात. मूठ घट्ट आवळली की सर लगेच ओरडतात. आवळलेल्या मुठीतलं पातं मेलेलं असतं, त्याला समोरच्याचा दाब कळत नाही.

इथे मला माझे आजोबा आठवतात. ते कोल्हापूरचे. तिथल्या तालमींत मोहरमला पंजे बसतात, पंजांची सेवा हिंदू घरंही करतात, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. आजोबा मोहरमच्या मिरवणुकीत लाठी आणि पट्टा फिरवायचे. पट्ट्याची गंमत वेगळी. त्याची मूठ कोपरापर्यंत लोखंडी खोबणीत असते, मनगट वळत नाही, सगळा फिरकाव खांद्यातून आणि कमरेतून. ज्येनमध्ये नेमकं उलट, मनगट मोकळं पाहिजे. पण पाय? पाय तेच. आजोबा पोरांना काठी हातात द्यायच्या आधी महिनाभर पवित्रे घ्यायला लावायचे. पवईच्या गच्चीवर सर ‘पायाकडे बघा’ म्हणतात तेव्हा मला त्यांचाच आवाज ऐकू येतो. तालीम, वस्ताद, पैलवान हे शब्द अरबी-फारसीतून आले आणि मराठी मातीत लाल झाले. त्या शब्दांमागची माणसंही तशीच मिसळलेली होती.

आता मूळ गोष्ट. वर्गातले बाकीचे आपापली तलवार कापडी पिशवीत घालून घरी नेतात, घरी सराव करतात. एक काकू तर बेस्टच्या बसनं नेतात. कंडक्टरला ती छत्री वाटते. मीही सुरुवातीला नेली. एका रविवारी रात्री नऊच्या सुमारास रिक्षानं परतताना नाकाबंदी लागली. हवालदारानं पिशवीकडे बोट दाखवलं. मी उघडून दाखवली. लाकूड. त्यानं नाव विचारलं, मी सांगितलं. तो जरा थांबला. मग म्हणाला, ‘काका, लाकडाची असली तरी कशाला फिरवता रात्रीची?’ आणि जाऊ दिलं. बस, एवढंच. चांगला माणूस होता. माझा शर्ट मात्र पाठीला चिकटला होता. पुढच्या रविवारपासून माझी तलवार सरांच्या घरी, छत्र्यांच्या स्टँडमध्ये असते.

कायद्याबद्दल माझी तक्रार नाही. महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१च्या कलम ३७ खाली मुंबईत वेळोवेळी आदेश निघतात आणि तलवार, भाला, सोटा, लाठी घेऊन सार्वजनिक ठिकाणी फिरायला बंदी असते. ती सगळ्यांना असते, काकूंनाही. फरक एवढाच की काकूंच्या मनात तो विचार येत नाही आणि माझ्या मनात दुसरा विचारच येत नाही. मला कुणी अडवलं नाही, मीच स्वतःला अडवलं.

आमच्या लोकांचा आक्षेप वेगळाच. एका नातेवाइकांनी विचारलं, ही चिनी पूजा आहे का, हात जोडता म्हणे गुरूसमोर? उजवी मूठ डाव्या तळव्यात धरून केलेला तो सलाम आहे, पूजा नाही. आणि चीनमधल्या हुई मुसलमानांचा इतिहास त्यांना ठाऊक नव्हता. वांग झिपिंग (१८८१–१९७३) हे हबे प्रांतातल्या त्सांगझौचे हुई मुसलमान. १९२८ साली नानजिंगला युद्धकलांची केंद्रीय संस्था निघाली, तिच्या शाओलिन विभागाचे ते प्रमुख होते. हाडं बसवणारे वैद्य म्हणूनही त्यांचं नाव होतं, म्हणजे माझा गुडघा त्यांच्याकडे गेला असता तरी चाललं असतं. त्यांची मुलगी वांग ज्युरोंग शांघायला शारीरिक शिक्षणाच्या संस्थेत युद्धकलेची प्राध्यापक झाली. हे ऐकून नातेवाईक म्हणाले, ‘अच्छा, मुलगी पण?’ मी म्हटलं, मुलगी पण.

हे सगळं बोलून मी घरी गेलो आणि स्वतः काय केलं? माझा भाचा सतरा वर्षांचा. वर्षभर मागे लागला होता, मामू मला पण तलवार शिकव. मी प्रत्येक वेळी नाही म्हटलं. कुणीतरी फोटो काढेल, कुठेतरी टाकेल, खाली काय लिहील कोण जाणे. मोहल्ल्यात हेच चाललंय. मोहरमची लाठी आधी कमी झाली, मग मोठ्यांनीच बंद केली. पोरांना सांगितलं, काठीला हात लावू नका. आम्हाला वाटलं, पोरं वाचली.

गेल्या पावसाळ्यात भाच्याच्या मोबाइलवर त्याच्या मित्राच्या वाढदिवसाचा व्हिडिओ पाहिला. बोनेटवर केक, आणि पोरगा तो तलवारीनं कापतोय. असे प्रकार राज्यात सगळीकडे, सगळ्या जातीधर्मांच्या पोरांत होतात, गुन्हे दाखल होतात, बातम्या येतात. मी व्हिडिओ तीनदा पाहिला. मला दिसली ती त्या पोराची मूठ, पांढरी पडेपर्यंत आवळलेली. पाय जवळजवळ, भार टाचांवर. कुणी हलकासा धक्का दिला असता तर तलवारीसकट शेजारच्या पोरावर पडला असता. याला वस्ताद भेटला नव्हता. भेटला असता तर महिनाभर नुसते पवित्रे घेऊन कंटाळला असता आणि खरं पातं हातात घ्यायची हौस अर्ध्यावर विरली असती.

माझं मत त्या दिवशी बदललं. तलवार पोरांपासून दूर ठेवायला म्हणून आपण वस्ताद घालवले. तलवार कुठेच गेली नाही, बाजारात मिळते, मोबाइलवर दिसते. गेला तो ओरडणारा माणूस. ज्याला काठी शिकायची आहे त्याला मोहल्ल्यातल्या जाणत्यांनी दिवसाउजेडी, उघड्या मैदानात, लागेल ती परवानगी काढून शिकवावं. सोबत आया-बहिणींनाही घ्यावं. लपून शिकलेलं जास्त घातक असतं. फोटो निघायचा तो निघेल.

सरांना विचारलं. ते म्हणाले, आण, पण लाकडी, गच्चीवर, आणि आधी सहा महिने हात रिकामे. भाच्याला ऐकून धक्का बसला, ‘सहा महिने नुसतं उभं राहायचं?’ पहिल्या रविवारी त्याचे पाय चौथ्या मिनिटाला लटपटले. सत्तरीच्या एक आजी शेजारी शांतपणे उभ्या होत्या, त्यांच्याकडे तो बघतच राहिला.

बहिणीनं परवानगी दिली, पण एक अट घातली. म्हणाली, ‘भाई, शिकव त्याला. पण ती तलवार घरी आणायची नाही.’

मी म्हटलं, माझीही आणत नाही. आता विचार करतोय, या रविवारी पिशवी मागून घ्यावी का.