मालकाचा घसारा कोण लिहिणार?



गेल्या मार्चमध्ये ओळखीच्या एका तरुणाचे वर्षाचे हिशेब लिहायला बसलो होतो. तहसील कचेरीजवळ त्याचे झेरॉक्सचे आणि ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे दुकान आहे. दुकानात नोकर नाही, भागीदार नाही. सगळे काम तो एकटा करतो. झेरॉक्स मशीनचा घसारा लिहिला, कॉम्प्युटरचा लिहिला. तेवढ्यात तो म्हणाला, "काका, मशीनचा घसारा लिहिलात. माझा कुठे लिहायचा?"

मी हसलो. तो हसला नाही. मग वही मिटली आणि त्याला बोलू दिले.

सोमवार ते शनिवार सकाळी ८ ते रात्री ९ आणि रविवारी चार तास, म्हणजे आठवड्याला ८२ तास तो दुकानात असतो. दोन महिन्यांपासून दुपारचा डबा तसाच घरी परत जात होता. रात्री झोप लागत नव्हती आणि सकाळी उठवत नव्हते. गिऱ्हाईक दिसले की राग येई. कधी कधी तो अर्धे शटर ओढून आत अंधारात बसून राही. याच काळात वस्तीतल्या एका मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज त्याच्या हातून अपुरा राहिला आणि मुदत टळली. तिचे वडील माझ्याकडे आले होते. तेव्हा मी या तरुणाला चार माणसांत आळशी म्हणून सुनावले होते. तो आळशी नव्हता, पार थकून गेला होता. माझी चूक मला त्या दिवशी कळली.

या अवस्थेला इंग्रजीत 'बर्नआउट' म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली मान्य केलेल्या वर्गीकरणात त्याची नोंद आहे. तो रोग नसून कामाच्या न आवरलेल्या ताणातून येणारी अवस्था आहे, असे तिथे म्हटले आहे. तिची खूण तीन गोष्टींत दिसते: अंगातले त्राण जाणे, कामाविषयी मन विटणे आणि कामाचा दर्जा घसरणे. डबा परत येणे, गिऱ्हाइकावर ओरडणे आणि अर्ज अपुरा राहणे या त्याच तीन खुणा होत्या. याच संघटनेने आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेसह २०२१ मध्ये आणखी एक इशारा दिला. आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्याला पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तास काम करणाऱ्यापेक्षा अंदाजे ३५ टक्क्यांनी जास्त असतो. आमचा तरुण तर ८२ तासांवर होता.

मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी फुकट मिळाली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी वर्षानुवर्षे लढा दिला, तेव्हा १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी ती मान्य केली. पण ज्याच्या दुकानात मालकही तोच आणि कामगारही तोच, त्याने सुट्टी मागायची कोणाकडे? अशा माणसाने आपल्यातल्या कामगाराची बाजू स्वतःच घेतली पाहिजे. ती नुसत्या उपदेशाने घेता येत नाही, त्यासाठी हिशेब लागतो. आम्ही तो असा केला.

पहिले, पंधरा दिवस वही ठेवली. कोणत्या तासाला किती पैसे आले, एवढेच लिहायचे. दिसले असे की रात्री ७ नंतर आणि रविवारी फारच थोडे गिऱ्हाईक येते. महिन्याची निव्वळ मिळकत १८ हजार होती. तासांनी भागली तर तासाला जेमतेम ५० रुपये पडत होते. तो आकडा पाहून तो बराच वेळ गप्प बसला. मग त्याने दुकान ७ वाजता बंद करायचे ठरवले आणि रविवार पूर्ण सोडला.

दुसरे, दर तपासले. कागद आणि शाईचा खर्च धरला होता, स्वतःचा वेळ धरलाच नव्हता. पाऊण तास खाणाऱ्या अर्जाचा दर वाढवला. शेवटच्या दिवशी येणारे किचकट अर्ज घेणे बंद केले.

तिसरे, सुट्टीचा निधी काढला. दुकान बंद असले तरी भाडे आणि घरखर्च थांबत नाही. हा खर्च दिवसाला ८०० रुपये धरला, तर वर्षात १५ दिवस बंद ठेवायला १२ हजार लागतात. म्हणजे महिन्याला एक हजार वेगळे टाकायचे. मग सुट्टी घेताना पोटात गोळा येत नाही.

चौथे, शेजारच्या शिक्के बनवणाऱ्या दुकानदाराशी समजूत केली. एक आजारी पडला तर दुसऱ्याने त्याचे निरोप आणि कागद घेऊन ठेवायचे. बायकोला फुकटची बदली म्हणून दुकानात बसवायचे नाही, हेही ठरले. तिचे घरचे काम आधीच पहाटे सुरू होते.

पण थकून गेलेल्या माणसाने या सगळ्याच्या आधी डॉक्टरकडे जावे. रक्त कमी असणे, थायरॉईड, साखर यांनीही असाच थकवा येतो. तपासणी करून घ्यावी. मग काही दिवस दुकान खरोखर बंद ठेवावे, उघडण्याची तारीख शटरवर लिहावी आणि फोन घरच्यांकडे द्यावा. परतल्यावर पहिले काही दिवस अर्धाच वेळ बसावे. जगणे नकोसे वाटू लागले तर मात्र एक दिवसही थांबू नये. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस सुरू असतो, फोन केल्यास पैसे पडत नाहीत आणि मराठीतही बोलता येते.

आमच्या तरुणाला सावरायला चार महिने लागले. मिळकत पहिल्या महिन्यात दोन हजारांनी घटली, पुढे दरवाढीने भरून निघाली. त्या मुलीचे त्या वर्षाचे पैसे मात्र परत आले नाहीत. तिचा पुढचा अर्ज त्याने मुदतीच्या तीन आठवडे आधी भरला आणि पैसे घेतले नाहीत. मीही त्याच चार माणसांसमोर त्याची माफी मागितली.

आपल्या वस्तीत अशी एकट्याने चालणारी दुकाने, शिलाई मशीन, खानावळी, रिक्षा कितीतरी आहेत. येत्या रविवारी त्यातल्या एकाला विचारा, "तुझी सुट्टी केव्हा असते?" उत्तर आले नाही, तर वही घेऊन त्याच्या शेजारी बसा.