मशीन घेतलंस, कायदा वाचलास का?

मंडळी, आमच्या भाच्याने ऑनलाइन मेटल डिटेक्टर मागवलाय. पहिला बेत काय, तर चाकणच्या संग्रामदुर्गावर फिरवायचा! मी साफ नाही म्हटलं. तर म्हणतो, "मामा, इथे सगळीकडे जेसीबी चालतात, मला कोण विचारतंय?"

अरे, म्हणून आपणही उकरायचं? 1660 मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी या किल्ल्यावर शाहिस्तेखानाला दीड महिन्याहून जास्त झुंजवलं. तिथे गोळी कुठे, किती खोल सापडली यावरून लढाई कळते. उपटून खिशात टाकली की उरतं नुसतं भंगार.

आपली चिखली आठवते ना? खोदकामाच्या मातीत मजुरांना सोन्याची नाणी मिळाली, गुपचूप ठेवली. 2021 मध्ये पोलिसांनी 216 नाणी जप्त केली.

गुप्तधनाचा 1878 चा कायदा आजही लागू आहे. दहा रुपयांवरचा ठेवा सापडला तर कलेक्टरला लेखी कळवायचं. लपवलं तर वर्षापर्यंत कैद. कळवलं आणि ठेव्याचा मालक निघाला नाही, तर साधारण पाऊण हिस्सा सापडणाऱ्याचा, पाव जागामालकाचा. मग चोरी कशाला?

हौस आहे? स्वतःच्या शेतात हरवलेली अंगठी शोधा. किल्ल्याला हात लावू नका!