घाई कुणाची, फावतं कुणाला?

१८ मार्च २०२१. आयर्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत कुणीतरी ईमेलमधून आलेली एक एक्सेल फाइल उघडली. आठ आठवड्यांनी, १४ मे रोजी, देशभरची संगणक यंत्रणाच बंद करावी लागली. तपासण्या रद्द झाल्या, डॉक्टर-नर्स पुन्हा कागद-पेनावर आले.

‘एवढंही कळू नये?’ असं आपण पटकन म्हणतो. पण मैत्रिणींनो, हा अकलेचा प्रश्नच नाही. साहेबाचा हुकूम आणि ‘आत्ताच करा, नाहीतर गेलं’ ही घाई, यांपुढे भलेभले मान डोलावतात, हे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चालदिनी यांनी १९८४ मध्येच लिहून ठेवलंय. रात्रपाळीच्या सिस्टरला तर हाकेसरशी धावायचीच सवय. फसवणारा नेमका त्या सवयीवर डाव टाकतो.

मग नुसतं ‘सावध राहा’ सांगून काय भागणार? आधीच मनाशी ठरवावं लागतं: घाईने पासवर्ड मागणारा मेल आला, तर लिंक दाबायची नाही, माहितीतल्या नंबरवर फोन करून विचारायचं. असं ‘जर-तर’ ठरवलेलं ऐनवेळी हाताशी येतं, हे पीटर गोल्वित्झर यांच्या अभ्यासातून दिसलंय.

आणि चूक झालीच तर? ओरडा बसेल म्हणून माणूस गप्प राहतो आणि तेवढा वेळ चोराच्या पथ्यावर पडतो. म्हणून दवाखान्यातल्या वरिष्ठांनी, आणि हो, घरात आपणही, एवढंच म्हणायला शिकूया: ‘लगेच सांगितलंस, बरं केलंस.’