पडद्यावर ‘बचत’, करारात उसनवारी

क्रिप्टो चलनाच्या बचत ॲपची रचना नव्याने करायची म्हटले की चर्चा कुठून सुरू होते? खाते दोन मिनिटांत उघडले पाहिजे, बटणे कमी हवीत, व्याजाचा आकडा ठळक दिसला पाहिजे, नवखा माणूस कुठे अडखळता कामा नये. डिझाइन करणारी मंडळी याला चांगला ‘युझर एक्सपिरिअन्स’ म्हणतात. आम्ही विचारतो, चांगला कोणासाठी? पैसे टाकणाऱ्यासाठी की पैसे गोळा करणाऱ्यासाठी? आमची कसोटी एकच आहे. माणसाने पडद्यावर जे वाचले आणि उद्या कोर्टात त्याच्यावर जे बंधनकारक ठरणार आहे, त्या दोन गोष्टी एकच असल्या पाहिजेत. ही कसोटी न लावता केलेली कोणतीही नवी रचना म्हणजे जुन्या भिंतीला नवा रंग.

हे आम्ही हवेत बोलत नाही. अमेरिकेतल्या सेल्सियस नेटवर्कचे उदाहरण घ्या. बँका तुमच्या मित्र नाहीत, बँकेतून बाहेर पडा, हा या कंपनीचा प्रचार. बिटकॉइन, इथर किंवा डॉलरशी बांधलेली नाणी ‘अर्न’ खात्यात ठेवा, काही नाण्यांवर 17-18 टक्क्यांपर्यंत परतावा घ्या. दर आठवड्याला व्याज जमा झालेले दिसायचे. ॲप सोपे होते, देखणे होते. 12 जून 2022 रोजी कंपनीने पैसे काढणे थांबवले. 13 जुलैला ती दिवाळखोरीच्या कोर्टात गेली.

मग मूळ प्रश्न उभा राहिला. ही नाणी कोणाची? ठेवणाऱ्यांची की कंपनीची? 4 जानेवारी 2023 रोजी न्यूयॉर्कच्या दिवाळखोरी न्यायालयाचे न्यायाधीश मार्टिन ग्लेन यांनी निकाल दिला की ‘अर्न’ खात्यातील नाणी कंपनीच्या मालमत्तेचा भाग आहेत. अशी सुमारे 6 लाख खाती होती आणि जुलै 2022 मध्ये त्यांतील नाण्यांची किंमत सुमारे 4.2 अब्ज डॉलर होती. निकालाचा आधार काय? वापराच्या अटींमध्ये मालकी हक्क कंपनीकडे जातो असे लिहिले होते आणि ग्राहकांनी ‘मान्य आहे’ हे बटण दाबले होते. ॲपभर जे वातावरण उभे केले होते त्याने ही मालकी ठरली नाही. ती ठरली ज्या पानावर कोणी थांबत नाही त्या पानाने. ग्राहक रातोरात मालकाचे बिनतारण देणेकरी झाले, म्हणजे ज्यांचे देणे तारण असलेल्यांच्या नंतर विचारात येते त्या रांगेत उभे राहिले. कंपनीचे संस्थापक ॲलेक्स मशिन्स्की यांनी पुढे फसवणुकीचा गुन्हा कबूल केला. मे 2025 मध्ये त्यांना 12 वर्षांची शिक्षा झाली. पण त्या शिक्षेने कोणाची मालकी परत आली नाही.

याच ॲपमध्ये एप्रिल 2022 पासून अमेरिकेतल्या ग्राहकांसाठी ‘कस्टडी’ नावाचे दुसरे खाते होते. त्यावर व्याज नव्हते, पण अटींप्रमाणे नाणी ग्राहकाचीच राहत होती. डिसेंबर 2022 मध्ये न्यायालयाने केवळ कस्टडीतच ठेवलेली नाणी ग्राहकांना परत देण्याचा मार्ग मोकळा केला. म्हणजे पाहा, एकच ॲप, एकच लॉगिन, शेजारी शेजारी दोन कप्पे. एकात तुम्ही मालक, दुसऱ्यात तुम्ही सावकारी करणारे, तीही तारण न घेता. हा फरक पडद्यावर सर्वांत मोठ्या अक्षरांत असायला हवा होता. मोठ्या अक्षरांत होता तो व्याजाचा दर.

सेल्सियस एकटी नव्हती. ब्लॉकफाय या कंपनीला अमेरिकी नियामकांनी फेब्रुवारी 2022 मध्ये 10 कोटी डॉलरचा दंड लावला. आपण मोठ्या संस्थांना दिलेल्या कर्जावर सहसा जास्तीचे तारण घेतो, असे तिच्या संकेतस्थळावर होते. प्रत्यक्षात 2020 मध्ये असे तारण सुमारे 16 टक्के कर्जांनाच होते. व्हॉयेजर ही कंपनी ठेवींना सरकारी विमा असल्याचा आभास निर्माण करत होती. जुलै 2022 मध्ये नियामकांनी तिला ते दावे काढायला लावले. त्याच महिन्यात भारतीयांनी उभी केलेली आणि सिंगापुरातून चालणारी व्हॉल्ड बंद पडली. तिच्यात भारतातल्या लोकांचे पैसे अडकले. तेव्हा हा प्रश्न अमेरिकेचा म्हणून सोडून देता येत नाही.

आपल्याकडे काय आहे? जाहिरात क्षेत्राच्या स्वयंनियामक संस्थेने, ‘आस्की’ने, 1 एप्रिल 2022 पासून लागू केलेल्या नियमांत क्रिप्टोच्या जाहिरातींमध्ये ‘करन्सी’, ‘सिक्युरिटीज’, ‘कस्टोडियन’ आणि ‘डिपॉझिटरीज’ हे शब्द वापरू नका असे सांगितले. कारण योग्य होते: हे शब्द ऐकले की लोकांना कायद्याचे संरक्षण असलेल्या गोष्टी आठवतात. मग ‘बचत’ हा शब्द त्या यादीत का नाही? बचत म्हटले की आपल्या घरातल्या बाईला पोस्टाचे पुस्तक आठवते, बचत गटाची मासिक वर्गणी आठवते. तो विश्वास पोस्टाने आणि गटाने कमावलेला आहे. ॲपवाल्यांना तो फुकट का मिळावा?

यावर दोन आक्षेप येतात. पहिला: अटी लिहिलेल्या होत्या, वाचल्या नाहीत हा लोकांचा दोष. सही करून घेणाऱ्या सावकारानेही हेच सांगितले होते. कागदावर लिहिले होते, अंगठा तुम्हीच उठवला. अंगठा गेला आणि बटण आले, एवढाच फरक. ज्या कंपनीला व्याजाचा आकडा नजरेत भरेल असा दाखवता येतो, तिला मालकी जाते हे एक वाक्य दाखवता येत नाही, असे आम्ही मानणार नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. बँकांनी गरिबाला दारात उभे केले नाही, आणि बँकाही बुडतातच की! खरे आहे. सप्टेंबर 2019 मध्ये पीएमसी बँकेच्या खातेदारांना सुरुवातीला फक्त 1,000 रुपये काढायची मुभा होती, हे मुंबई विसरलेली नाही. पण तिथे ठेव विमा होता, 2020 मध्ये त्याची मर्यादा 5 लाख झाली, आणि लोक रस्त्यावर उतरल्यावर 2021 मध्ये कायदा बदलून 90 दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद आली. दाद मागायला दार होते. क्रिप्टो बचतीला ना ठेव विमा आहे, ना असे दार.

बिटकॉइनवाले सांगतात की त्याची संख्या ठरलेली आहे, ती कोणाच्या लहरीवर वाढत नाही. चलन काढणाऱ्याच्या मर्जीवर सोडू नये, हा मुद्दा बाबासाहेबांनी 1923 साली ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या ग्रंथात मांडला होता. म्हणून आम्हाला तो मुद्दा नवा नाही. पण बचत ॲपमध्ये नाणे टाकले की मर्जी मागच्या दाराने परत येते. नाण्याची संख्या ठरलेली राहते, तुमचे नाणे कोणाला उसने द्यायचे आणि तुम्हाला कधी परत द्यायचे हे मात्र एक मालक ठरवतो.

म्हणून नव्या रचनेसाठी आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. बटणावर ‘बचत करा’ नको, ‘या कंपनीला उसने द्या’ असे लिहा. पैसे घेण्याआधी त्या माणसाच्या भाषेत तीन ओळी दाखवा: मालकी कोणाची राहील, पैसे कोणाला जातील, कंपनी बुडाली तर तुमचा नंबर कितवा. पैसे काढायचे बटण भरायच्या बटणाएवढेच ठेवा, आणि पहिली मोठी रक्कम घेण्याआधी थोडी रक्कम एकदा काढून दाखवू द्या. परतावा नाण्यांत सांगता तसा रुपयांतही सांगा, आणि भारतात नफ्यावर 30 टक्के कर आहे व तोटा वजा मिळत नाही हेही त्याच पडद्यावर सांगा. अटी बदलल्या तर काय बदलले ते दाखवा. नाही म्हणणाऱ्याला त्याचे पैसे घेऊन जाऊ द्या.

30 नोव्हेंबर 2023 पासून भारतात ग्राहकाला फसवणाऱ्या 13 प्रकारच्या रचनांना, म्हणजे ‘डार्क पॅटर्न’ना, मनाई आहे. क्रिप्टोची ॲप त्या कसोटीवर तपासली जावीत आणि ‘बचत’ हा शब्द जाहिरातीच्या यादीत यावा, ही मागणी ग्राहक संघटनांनी, बचत गटांच्या फेडरेशननी आणि आपल्या तरुण सॉफ्टवेअरवाल्यांनी लावून धरली पाहिजे. विशेषतः या तरुणांनी. हे पडदे आज आपलीच मुले-मुली बनवत आहेत. त्यांच्यासमोर पुढचा आराखडा येईल तेव्हा त्यांनी बैठकीत एवढाच प्रश्न विचारावा: पैसे टाकल्यावर मालक कोण, आणि हे पडद्यावर कुठे लिहिले आहे?