पाय का निघत नाही?

मोठा निर्णय समोर आला की मराठी माणूस आधी शरीराचा दाखला देतो. जमिनीचे कागद तयार असतात, पण सहीला हात धजत नाही. मुलाकडे कायमचं राहायला जायचं ठरतं, सामान बांधून होतं आणि उंबऱ्यापाशी पाय निघत नाही. निर्णय डोक्यात पक्का होण्याआधी अंगात कुठेतरी उमटलेला असतो, हे पिढ्यान्‌पिढ्यांचं निरीक्षण या बोलण्यात साठलेलं आहे.

तरीही एखादी बाई म्हणाली, की मी रोज पहाटे डोळे मिटून अंगाला सुख वाटेल तसं हलू देते, मग वही उघडून लिहिते आणि पुढे काय करायचं याचा कौल मला तिथे मिळतो, तर लोक तिच्याकडे चमकून बघतात. मी गेली सहा वर्षं हे करते आहे. या काळात जे आक्षेप कानावर आले, त्यांचा मी मनापासून विचार केला. काहींत तथ्य आहे आणि ते मी मान्य करणार आहे. पण जे चुकीचे आहेत, त्यांना उत्तर द्यायलाच हवं, कारण त्यांच्यामुळे अनेकजणी स्वतःचंच म्हणणं ऐकायला घाबरतात.

पहिला आक्षेप सभ्यतेचा. कंबर लवली, मनगट वळलं, मान सैल पडली की ते कोणाला तरी दाखवण्यासाठीच असणार, आणि घरंदाज बाईने ते करू नये, असं अजूनही मानलं जातं. आपल्याकडचे नृत्यग्रंथ मात्र वेगळंच सांगतात. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्याचा सातवा अध्याय संपूर्ण नृत्यावर आहे. सुकुमार, रसमय हालचालीला या परंपरेत 'लास्य' म्हणतात आणि तिचा उगम पार्वतीकडे जातो. पार्वतीने लास्य बाणासुराच्या मुलीला, उषेला शिकवलं, उषेने द्वारकेच्या गोपींना आणि गोपींनी सौराष्ट्रातल्या बायकांना. ही कथा ऐकताना मला नेहमी एक गोष्ट जाणवते. लास्य इथे बाईकडून बाईकडे जातं. ते आधी विद्या म्हणून येतं, प्रेक्षक नंतर येतो.

मधल्या काळात ही विद्या आपण लाजेच्या कोपऱ्यात ढकलली. विसाव्या शतकात भरतनाट्यम सभ्य घरांत आणताना त्यातला शृंगार कमी करावा, असा आग्रह रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी धरला. देवदासी घराण्यातल्या टी. बालसरस्वती यांनी त्याला ठाम विरोध केला. शृंगार हाच या कलेचा प्राण आहे, त्याला शुद्धीकरणाची गरज नाही, हे त्यांचं म्हणणं होतं. मी बालसरस्वतींच्या बाजूची आहे. शरीराच्या सुखाला गाळून घेतलं की खाली उरते ती कवायत. कवायतीने अंग बळकट होतं, पण आपल्याला काय हवं आहे हे तिच्यातून कळत नाही. ते कळायला अंगाला गोडी लागावी लागते, कारण गोडी आणि नावड या दोनच शब्दांत शरीर बोलतं.

दुसरा आक्षेप परकेपणाचा. हे अमेरिकेतलं खूळ, असं म्हणतात. यातली माहिती अर्धी बरोबर आहे. मेरी व्हाइटहाउस या अमेरिकन नर्तिकेने 1950 च्या दशकात युंगच्या मानसशास्त्राचा आधार घेऊन एक पद्धत घडवली. एकजण डोळे मिटून आतून येईल तशी हालचाल करतो आणि दुसरा शेजारी बसून, कसलाही निवाडा न करता, फक्त साक्षी राहतो. 'मी हलते' आणि 'मी हलवली जाते' या दोन अनुभवांतला फरक ओळखणं हा तिच्या कामाचा गाभा होता. हे ऋण मी मोकळेपणाने मानते.

पण अंग हलवता हलवता मनाच्या तळाशी जाणं आपल्याला कोणी बाहेरून येऊन शिकवायची गरज नव्हती. पहाटे जात्याशी बसलेल्या बाईकडे बघा. एक पाय दुमडलेला, दुसरा लांब सोडलेला, उजव्या हातात खुंटा, आणि कमरेपासून खांद्यापर्यंत सगळं अंग एका संथ फेऱ्यात झुलतं आहे. त्या फेऱ्याच्या लयीत तिला शब्द सुचतात. सासरचा जाच, भावाची वाट, नवऱ्याचं अबोलेपण, पोटच्या लेकीची काळजी, जे घरात कुणाशी बोलायची सोय नाही, ते ती जात्याशी बोलते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी गावोगावच्या सहकाऱ्यांना घेऊन अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. लिहायला न शिकलेल्या बायकांची ती रोजनिशीच आहे. आज जातं गेलं, चक्की आली. दळणाचे कष्ट गेले हे चांगलंच झालं. पण त्या कष्टाबरोबर रोजची हक्काची एकान्ताची घटकाही गेली. ती परत मिळवायची असेल, तर जातं नसताना अंगाचा फेरा कसा धरायचा आणि ओवीच्या जागी काय ठेवायचं, हे आपल्यालाच शोधावं लागेल.

तिसरा आक्षेप बुद्धिवाद्यांचा, आणि तो सगळ्यांत वजनदार आहे. शरीर फसवं असतं, असं ते म्हणतात. भीती, सवय, थकवा, सगळं तिथे एकमेकांत मिसळलेलं. अशा गढूळ पाण्यातून वाट कशी दिसणार? निर्णय विचारानेच घ्यावा.

गढूळपणा मला मान्य आहे. म्हणून तर लेखणी हवी. जेम्स पेनेबेकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा 1986 मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग सुपरिचित आहे. विद्यार्थ्यांनी चार दिवस रोज पंधरा मिनिटं आपल्या सर्वांत क्लेशदायक अनुभवाबद्दल लिहिलं. ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या, ते लिहून उठताना अधिक खिन्न होते, पण पुढच्या काही महिन्यांत त्यांना दवाखान्याची पायरी कमी चढावी लागली. पुढे 1990 च्या दशकात पेनेबेकरने ॲन क्रांट्झबरोबर आणखी एक प्रयोग केला, आणि तो आपल्या विषयाच्या नेमक्या मर्मावर आहे. एका गटाने तीन दिवस, रोज किमान दहा मिनिटं, आपलं दुःख फक्त हालचालीतून व्यक्त केलं. दुसऱ्या गटाने हालचाल केली आणि नंतर त्याबद्दल लिहिलं. तिसऱ्याने ठरावीक व्यायाम केला. पुढच्या महिन्यांत मन हलकं झाल्याचं पहिल्या दोन्ही गटांनी सांगितलं. पण शारीरिक आरोग्यात आणि परीक्षेच्या गुणांत ठळक सुधारणा दिसली ती हलून मग लिहिणाऱ्यांतच.

एका छोट्या प्रयोगावर सगळी इमारत उभारू नये, हे मला कळतं. तरी त्यातून जे दिसतं ते माझ्या अनुभवाशी जुळतं. हालचालीने आतलं वर येतं. वर आलेल्याला शब्द मिळाले नाहीत, तर ते तसंच परत खाली बसतं. बुद्धीला आम्ही घराबाहेर काढलेलं नाही. तिला बोलवायची वेळ तेवढी बदलली आहे.

आता चौथं म्हणणं, आणि ते आमच्याच बाजूचं आहे. 'शरीर कधी खोटं बोलत नाही' असं या वाटेवरचे उत्साही लोक सांगत फिरतात. याचं खंडन मला सर्वांत जोराने करायचं आहे, कारण त्याचा चटका मी सोसला आहे.

सुरुवातीच्या वर्षी मी एका शिबिराला गेले होते. डोळे मिटून हलताना माझा उजवा खांदा वर चढून कानाला टेकायला आला. सत्र संपल्यावर शिबीर घेणाऱ्या व्यक्तीने सर्वांसमोर सांगितलं, "हा तुमच्या आईवरचा राग आहे." मी तो शब्द प्रमाण मानला. घरी ऐंशीच्या घरातली आई. तिने साधं "चहा घेतेस का?" विचारलं तरी मी तुटक बोलू लागले. दीड महिना मी तिच्यात तो राग शोधत राहिले.

मला सावरलं वहीने. दोनशे पानी, रेघांची, किराणा दुकानात मिळते तसली वही. तिच्यात मी रोज तारीख टाकून, अंगाने काय केलं तेवढंच आधी लिहीत असे. एका दुपारी जुनी पानं चाळताना 'खांदा' हा शब्द दिसेल तिथे पेन्सिलीने खूण करत गेले. अकरा खुणा झाल्या. त्यांतल्या नऊ सोमवारच्या होत्या. आई तर सातही दिवस घरात होती. सोमवारी माझ्या कामाचा आठवडा सुरू व्हायचा. मी तेव्हा एका वित्तसंस्थेत वसुली विभागात होते. थकबाकीदारांना फोन लावायचे, आवाज चढवायचा, समोरून रडणं ऐकू आलं तरी ठरलेली वाक्यं पुरी करायची. रिसीव्हर मी उजव्या खांद्यात आणि कानात धरत असे, कारण हाताने नोंदी करायच्या असत.

खांद्याने खोटं सांगितलं नव्हतं. पण त्याने कारणही सांगितलं नव्हतं. कारण सांगणं शरीराला येतच नाही. ते फक्त जागा दाखवतं. त्या जागेवर दुसऱ्या कुणी नाव लिहिलं, की माणसाची घरं मोडतात. अंगाच्या खुणांचा अर्थ तिथल्या तिथे लावून देणाऱ्या कोणत्याही मार्गदर्शकापासून दूर राहावं. आणि ज्यांच्या अंगात मोठा आघात साठला आहे, त्यांनी डोळे मिटून त्या अंधारात एकटं उतरू नये. त्यांच्यासोबत शिकलेला समुपदेशक असावा.

आता मंडन. मी काय करते ते सरळ सांगते. पहाटे सव्वापाचला हॉलमधली टीपॉय भिंतीला सरकवते. दिवा लावत नाही. शहाबादी फरशीवर अनवाणी उभी राहून आधी तळव्यांना गारवा कळू देते. मग डोळे मिटते आणि अंगाला जिथे गोड वाटेल तिकडे जाऊ देते. कधी कंबर फिरते, कधी फक्त बोटं, कधी दहा मिनिटं नुसतं डुलणं होतं. मग जमिनीवर बसून तीन ओळी लिहिते, फक्त काय झालं एवढंच. 'मान डावीकडे गेली, परत यायला तयार नव्हती.' त्याखाली एक प्रश्न, आणि मग हात थांबेपर्यंत उत्तर. अर्थ त्याच दिवशी पक्का करत नाही. पंधरा दिवसांनी वाचते. एकदा आलेलं ते लहर असू शकतं. नऊ वेळा आलेल्याकडे पाठ फिरवता येत नाही.

कोकणात देवाला कौल लावताना आधी गाऱ्हाणं घालतात. काय विचारायचं आहे ते चारचौघांत, स्वच्छ शब्दांत मांडावं लागतं. प्रश्नच धूसर असेल तर देवाला लावलेली पाकळी उजवीला पडली काय नि डावीला पडली काय, घरी जाऊन करायचं काय ते कळत नाही. आतल्या कौलाचंही तसंच आहे. वही हे माझं गाऱ्हाणं.

पुण्यात 1947 मध्ये 'नृत्यभारती' सुरू करणाऱ्या कथक गुरू रोहिणी भाटे यांचं उदाहरण मला इथे फार मोलाचं वाटतं. आयुष्यभर नाचलेल्या या बाईंनी 'माझी नृत्यसाधना' लिहिलं, आणि नर्तिका इझाडोरा डंकनचं आत्मचरित्रही मराठीत आणलं. पायाने जे कमावलं ते शब्दांत तपासून बघण्याची गरज त्यांच्या तोलाच्या कलावतीलाही वाटली. मग ज्यांनी कधी रंगमंच पाहिला नाही, त्या आपल्याला ती का वाटू नये?

हे सगळं म्हणजे स्वतःभोवती घिरट्या घालणं, असंही कुणी म्हणेल. माझ्यापुरतं सांगते. त्या अकरा खुणांनंतर मी आईजवळ जाऊन बसले आणि माफी मागितली. तिला कशाबद्दल ते नीट कळलं नाही. तिने माझा उजवा हात मांडीवर घेऊन दाबून दिला. पुढच्या महिन्यात मी विभाग बदलून मागणारा अर्ज दिला. पगारातला भत्ता कमी झाला. ज्यांच्यावर मी आवाज चढवत होते, ती माणसं माझ्या तोंडून पुन्हा तसं काही ऐकणार नव्हती.

नव्या विभागात गेल्यानंतरच्या दोन महिन्यांच्या नोंदी मी नंतर वाचल्या. कमरेबद्दल आहे, तळव्यांबद्दल आहे, एका पहाटे ऐकलेल्या कोकिळेबद्दल आहे. खांद्याचा उल्लेख कुठेही नाही.