पोस्ट टाकून झाली, आता तारखेला कोण येणार?

ललित कला केंद्रावर या आठवड्यात इतकं लिहून आलंय की आणखी एक पोस्ट कशाला, असं मलाच वाटत होतं. पण परवा गावाकडून एका ओळखीच्या माणसाचा फोन आला. त्यांची पोरगी बारावीला आहे आणि तिला नाटकच शिकायचंय. "दादा, तिथं घालू का नको? पोलीस केस होते म्हणे." पुण्यात तीस वर्षं नाटकांच्या लाइट्स करतोय मी, पण मला पटकन उत्तर देता आलं नाही. म्हणून हे लिहितोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २ फेब्रुवारी २०२४ ला सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात विद्यार्थ्यांचं 'जब वी मेट' हे नाटक चालू होतं. रामलीलेत काम करणाऱ्या नटांच्या पडद्यामागच्या गमतीजमती, असा विषय. अभाविपच्या कार्यकर्त्यांनी ते बंद पाडलं. मग गुन्हा दाखल झाला, २९५-अ लागलं. विभागप्रमुख आणि पाच विद्यार्थी अटकेत गेले आणि नंतर जामिनावर सुटले. दुसऱ्या दिवशी विभागात घुसून तोडफोड झाली ती वेगळीच. आणि विद्यापीठाने काय केलं, तर दिलगिरी व्यक्त केली, विडंबन चुकीचं असं जाहीर केलं आणि समिती नेमली. आपल्या पोरांच्या बाजूने एक वाक्य? मला तरी सापडलं नाही.

नाटक चांगलं होतं की वाईट यात मी पडत नाही. विद्यार्थ्यांचं नाटक कच्चं असतं. असणारच, कच्चं आहे म्हणून तर शिकायला आलेत ना! चुकलं तर सर झापतील, मार्क कापतील, पुन्हा बसवायला लावतील. चूक करायला सुरक्षित जागा मिळावी म्हणूनच विद्यापीठात नाट्यविभाग काढतात. तिथेच चुकायची भीती बसली तर मग कोर्स कशाला, हॉल लग्नाला भाड्याने द्या.

आणि भावनांचं म्हणाल, तर मी पण देवळात जातो. पण ज्या मातीतून मी आलो तिथे तमाशाच्या गवळणीत मावशी खुद्द कृष्णाची फिरकी घेते आणि समोर बसलेली, पंढरीची वारी केलेली म्हातारी पोट धरून हसते. कोकणात दशावतार बघा. आत रंगपटात देवाच्या वेषातला गडी बिडी ओढत असतो, लोकांना ते माहीत असतं, आणि तोच गडी बाहेर आला की हात जोडले जातात. नट वेगळा आणि देव वेगळा हे आपल्या अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या आज्याला कळत होतं. पीएचडीवाल्या विद्यापीठाला दिलगिरी व्यक्त करावी लागली.

पण माझं खरं भांडण त्यांच्याशी नाही. ते त्यांचं काम करणारच. माझं भांडण आपल्याशी आहे. नाटकवाल्यांशी, माजी विद्यार्थ्यांशी, आणि माझ्याशी सुद्धा. सिरियलमध्ये, सिनेमात नाव झालेले कितीतरी जण या केंद्रातून बाहेर पडलेत. काही जण ठामपणे बोलले, त्यांना सलाम. बाकीच्यांनी डीपी काळा केला, 'निषेध' लिहिलं आणि शूटिंगला गेले. (मी पण 'निषेध' लिहून साऊंड चेकला गेलो होतो, खोटं कशाला बोलू.)

निषेध दोन दिवस टिकतो. केस किती वर्षं टिकते?

बडोद्याचं आठवा. सयाजीरावांच्या नावाचं विद्यापीठ, तिथली फाइन आर्ट्स देशात नावाजलेली. मे २००७ मध्ये परीक्षेसाठी मांडलेल्या चित्रांवरून बाहेरचे लोक आत घुसले आणि अटक झाली ती चित्र काढणाऱ्या विद्यार्थ्याला. प्रभारी डीन विद्यार्थ्यांच्या मागे उभे राहिले, तर तेच निलंबित झाले. तेव्हा देशभर मोर्चे निघाले, मोठमोठे चित्रकार रस्त्यावर आले. पुढे? त्या मुलाला त्याची पदवीच मिळाली नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये तोच परत बातमीत आला, कुलगुरूंचं ऑफिस पेटवल्याच्या आरोपाखाली. अकरा वर्षं तो आपल्या निकालाचं विचारत होता. आग लावण्याचं समर्थन मी करत नाही. पण २००७ मध्ये त्याच्यासाठी घोषणा देणाऱ्यांपैकी मधल्या अकरा वर्षांत किती जणांनी विचारलं असेल, "बाबा, सर्टिफिकेट मिळालं का तुला?"

उलटं उदाहरण आपल्या पुण्यातच आहे. १६ डिसेंबर १९७२ ला 'घाशीराम कोतवाल' आलं आणि १९ प्रयोगांनंतर संस्थेनेच ते थांबवलं. ती मंडळी गप्प बसली नाहीत, बाहेर पडली आणि १९७३ मध्ये त्यांनी थिएटर अकादमी काढली. त्यातले एक सतीश आळेकर, जे पुढे याच ललित कला केंद्राचे कित्येक वर्षं प्रमुख होते. ते लोक एकमेकांना धरून राहिले म्हणून ते नाटक पुढे जगभर गेलं.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो, गावाचं आणि कॉलेजचं नाव सांगत नाही. एकांकिकेतल्या एका वाक्यावरून आम्हा चौघांना चौकीवर बोलावलं होतं. प्राचार्यांनी हात वर केले. रात्री नऊला एक माणूस सायकलवरून आला. दहा वर्षांपूर्वीचा आमच्याच कॉलेजचा विद्यार्थी, बाजारपेठेत टेलरिंगचं दुकान. आमच्या कोणाच्याच ओळखीचा नव्हता. भाषण नाही, काही नाही. बाकड्यावर आमच्याशेजारी बसला, चहा मागवला, आणि आम्हाला सोडेपर्यंत उठला नाही. साडेबाराला आम्हाला घरापर्यंत सोडून गेला.

त्यामुळे माझं म्हणणं एवढंच आहे. माजी विद्यार्थ्यांनी फंड काढावा, वकिलांच्या फीसाठी आणि येण्याजाण्यासाठी. सिरियलच्या एका दिवसाच्या मानधनात भागेल असं काम आहे. दोन जणांनी फक्त कागदांचा पाठपुरावा घ्यावा: परीक्षेचे मार्क लागले का, निकाल अडकवला नाही ना, समितीचा अहवाल कुठे आहे. आणि कोर्टात प्रत्येक तारखेला किमान चार ओळखीचे चेहरे मागच्या बाकावर दिसावेत.

मी पाच हजार बाजूला काढून ठेवलेत. गावाकडच्या त्या गृहस्थांना सांगितलं, जूनपर्यंत थांबा, मग कळवतो. आता जूनमध्ये मी त्यांना काय सांगायचं ते कमेंटमध्ये नको, इनबॉक्समध्ये सांगा. तारीख लागली की मी शिवाजीनगरला जाणार आहे, स्कूटरवर मागे एक जागा रिकामी आहे.